लोकरीत गुंडाळलेलं आर्क्टिकचं फूल आणि वऱ्हाडातल्या ज्वारीतला टारफुला: हे दोघं भाऊबंद कसे?

नुकताच बर्फ वितळलाय. खडकाळ, ओलसर जमीन. त्यातून वितभर उंचीचं एक झाड वर आलंय आणि त्याने जणू पांढरा स्वेटर घातलाय. लोकरीच्या गुंडाळीतून गडद गुलाबी फुलं डोकावतायत.

असा फोटो तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. खाली कॅप्शन काहीही असू शकतं. कुणी त्याला हिमालयातलं दुर्मीळ फूल म्हणतं, कुणी संजीवनी म्हणतं, तर कुणी फोटो एआयने बनवलाय असं सांगून मोकळं होतं.

फूल खरं आहे. ते हिमालयातलं नाही, आर्क्टिकमधलं आहे. मी त्याची माहिती शोधत होतो त्याच आठवड्यात, ऑगस्टच्या शेवटी, पातूर तालुक्यातून मामांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. ज्वारीच्या धांड्याशेजारी उगवलेलं, पांढऱ्या फुलांचं एक किरकोळ झाड. सोबत व्हॉइस नोट: "पोट्ट्या, पाय बरं हे कायचं झाड हाये. जमिनीत ओल हाये, तरी ज्वारी काऊन वाळून रायली?"

तेव्हा मला कल्पना नव्हती, पण हे दोन्ही फोटो एकाच घराण्यातले होते. आणि दोन्ही झाडं ओळखताना माझी एकच चूक झाली.

आर्क्टिकचं हे फूल नेमकं कोणतं?

याचं शास्त्रीय नाव पेडिक्युलारिस लानाटा. अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग आणि ग्रीनलँड इथल्या टुंड्रात ते सापडतं. टुंड्रा म्हणजे जिथे मोठी झाडं वाढूच शकत नाहीत असा थंड, मोकळा प्रदेश. तिथे खालची जमीन बाराही महिने गोठलेली असते आणि उन्हाळ्यात फक्त वरचा थोडा थर मोकळा होतो.

नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवरही असंच लोकरी फूल दिसतं. ती याची सख्खी बहीण, पेडिक्युलारिस डासिआंथा. दोघींच्या नावातच ओळख आहे. लॅटिनमध्ये 'लाना' म्हणजे लोकर, म्हणून लानाटा म्हणजे लोकरी. ग्रीक भाषेवरून आलेल्या डासिआंथाचा अर्थ केसाळ फुलांची.

पेडिक्युलारिस या नावाची गोष्ट मात्र इतकी गोड नाही. लॅटिनमध्ये 'पेडिक्युलस' म्हणजे ऊ. हे झाड चरलं की गुरांना उवा होतात, अशी युरोपात जुनी समजूत होती. समजूत चुकीची होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

ही लोकर कशासाठी?

स्वालबार्डमध्ये जुलैतही सरासरी तापमान सहा-सात अंशांच्या आसपास असतं. फुलायला, परागीभवन व्हायला आणि बी धरायला मिळतात ते जेमतेम काही आठवडे. म्हणून हे झाड बर्फ हटला की घाईने फुलतं, आणि तेव्हा हवा अजून बोचरी असते.

इथे लोकर कामाला येते. उन्हाची ऊब तंतूंमध्ये अडकते, वारा आतपर्यंत पोचत नाही आणि कळ्यांच्या भोवतीची हवा बाहेरच्यापेक्षा थोडी गरम राहते. आपण थंडीत गोधडी पांघरतो, तोच हिशोब. अलास्का आणि कॅनडाच्या उत्तर भागात या फुलांवर भुंगे येतात आणि परागीभवनाचं काम करतात.

म्हणजे लोकर ही या झाडाची सगळ्यात लक्षवेधी गोष्ट. मग ओळख पटवायला तीच वापरावी, असं वाटणं साहजिक आहे. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

लोकर बघून ओळखलं तर काय चुकतं?

यासाठी आर्क्टिकला जायची गरज नाही. अमरावती किंवा अकोल्यात रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत बघा. पानांच्या बेचक्यात पांढऱ्या मऊ बोंडांसारखे झुपके असलेलं एक बुटकं झाड दिसेल. मराठीत त्याला कापूरमाधुरी म्हणतात. शास्त्रीय नाव एर्वा लानाटा. इथेही लानाटा, म्हणजे हेसुद्धा लोकरी.

पण कापूरमाधुरी आणि आर्क्टिकचं ते फूल यांचं जवळचं नातं नाही. कापूरमाधुरी राजगिऱ्याच्या आणि कुर्डूच्या कुळातली. आपल्याकडच्या रखरखीत उन्हात तिची लव उलटं काम करते. पांढरे केस ऊन परतवतात आणि पानाच्या पृष्ठभागावरून पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून बाहेर पडणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

थंडीसाठी लोकर आणि उन्हासाठीही लोकर. दोन झाडांनी आपापल्या अडचणीवर सारखाच दिसणारा उपाय काढला. त्यामुळे लोकर झाड कुठे राहतं, कसं तगतं हे सांगते. ते कुणाचं आहे हे सांगत नाही.

मग ओळखायचं कशावरून?

दोन गोष्टींवरून. फुलाचा आकार आणि मुळं.

आर्क्टिकच्या त्या झाडाची लोकर थोडी बाजूला करून फूल जवळून पाहिलं तर त्याला दोन ओठ दिसतात. वरचा ओठ टोपीसारखा वाकलेला, खालचा तीन भागांत पसरलेला. पाकळ्या सुट्या नसतात. खाली त्यांची मिळून एक नळी झालेली असते.

आता मुळं. या झाडाचं सोटमूळ जाड आणि लिंबासारखं पिवळंधमक असतं. उत्तरेतले इन्युइट लोक ते खातही आले आहेत. पण खरी गंमत आणखी खाली आहे. त्याची बारीक मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना जाऊन चिकटतात आणि त्यांच्यातलं पाणी आणि अन्नद्रव्यं ओढून घेतात.

होय, तो गोड दिसणारा लोकरी जीव चोर आहे. पूर्ण नाही, अर्धा. त्याला हिरवी पानं आहेत, म्हणजे थोडा स्वयंपाक तो स्वतः करतो. बाकीचं शेजाऱ्याच्या घरून येतं. शास्त्रज्ञ अशा झाडांना अर्धपरजीवी म्हणतात.

हे सगळं ज्या कुळात बसतं त्याचं नाव ओरोबँकेसी. त्यात दोन हजारांच्या आसपास प्रजाती आहेत आणि जवळपास सगळ्या पूर्ण किंवा अर्ध्या परजीवी. पूर्वी पेडिक्युलारिस वेगळ्या कुळात धरायचे. डीएनएचा अभ्यास सुरू झाल्यावर या मुळं चोरणाऱ्या झाडांचं एकमेकांशी नातं स्पष्ट झालं आणि त्यांना एकत्र आणलं गेलं.

या कुळातली मंडळी महाराष्ट्रात भरपूर आहेत. कासच्या पठारावर दिसणारी पांढरी, लांब नळीची तुतारी यातलीच. वांगी, टोमॅटो आणि तंबाखूच्या शेतात उगवणारा, अजिबात हिरवा नसलेला बंबाखू यातलाच. आणि मामांच्या ज्वारीतलं ते किरकोळ पांढरं फूलसुद्धा.

माझं काय चुकलं?

मामांचा फोटो आल्यावर मी तो सरळ ओळख सांगणाऱ्या ॲपमध्ये टाकला. ॲपने तीन नावं दिली. तिन्ही मला पटली नाहीत. मी मामांना कळवलं, "साधं तण दिसतंय, निंदणात निघून जाईल."

फोटोत मी फक्त फूल पाहिलं होतं. ते कुणाच्या शेजारी उगवलंय हे पाहिलंच नव्हतं. मामांनी माझं ऐकलं नाही हे बरं झालं. त्यांनी झाड मातीसकट खणून काढलं आणि कृषी विज्ञान केंद्रात नेलं. तिथे दोन मिनिटांत उत्तर मिळालं: टारफुला.

टारफुला म्हणजे स्ट्रायगा. आपल्याकडे ज्वारीवर प्रामुख्याने स्ट्रायगा एशियाटिका आणि स्ट्रायगा डेन्सिफ्लोरा या प्रजाती येतात. ना लोकर, ना देखणेपणा. पण दोन ओठांचं नळीदार फूल तेच आणि मुळांची सवयही तीच. टुंड्रात ही सवय गवताच्या एखाद्या झुपक्याला महागात पडते. वऱ्हाडात ती एखाद्या घराच्या वर्षभराच्या भाकरीला आणि गुरांच्या कडब्याला महागात पडते.

टारफुल्याला ज्वारी सापडते कशी?

टारफुल्याचं बी धुळीसारखं असतं, मिलिमीटरच्या पाव भागाइतकं. एका झाडाला अशी हजारो बिया धरतात, कधी ५० हजार, कधी त्याहूनही जास्त. इतक्या लहान बीमध्ये शिदोरी जवळजवळ नसतेच. उगवल्यावर काही दिवसांत यजमानाचं मूळ सापडलं नाही तर अंकुर मरतो.

म्हणून हे बी उगवायची घाई करत नाही. जमिनीत दहा वर्षांहून जास्त काळ निपचित पडून राहू शकतं. पाऊस पडतो, माती ओली आणि उबदार होते, तरी ते थांबतं. ज्वारीचं मूळ अगदी काही मिलिमीटरवर आलं की मगच जागं होतं.

त्याला हे कळतं कसं? ज्वारीच्या मुळातून झिरपणाऱ्या एका रसायनावरून. अंकुर मुळाला भिडला की तिथे एक खास अवयव तयार करतो, मुळात घुसतो आणि ज्वारीच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांना आपली नळी जोडतो. आपल्या भाषेत आकडा टाकतो.

पुढचे काही आठवडे सगळं जमिनीखाली चालतं. वर टारफुला दिसतच नाही. दिसते ती फक्त खुरटलेली, पिवळी पडणारी ज्वारी. जमिनीत ओल असताना ज्वारी का वाळतेय, या मामांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. टारफुला वर येऊन फुलतो तेव्हा बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं.

गुपित सांगितलं कपाशीने

बियांना जागं करणारं हे रसायन पहिल्यांदा कुठे सापडलं, माहितीये? कपाशीच्या मुळात.

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी कपाशीच्या मुळांतून निघणाऱ्या स्रावातून ते वेगळं काढलं. स्ट्रायगावरून त्याला नाव दिलं स्ट्रायगॉल. विचित्र गोष्ट अशी की टारफुला कपाशीवर वाढू शकत नाही. कपाशीचं मूळ त्याला हाक मारतं, बी उगवतं, पण आत शिरता येत नाही आणि अंकुर उपाशी मरतो.

मग झाडं असलं घातक रसायन सोडतातच का? उत्तर मिळायला २००५ साल उजाडलं. जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ही हाक मुळात चोरासाठी नसतेच. ती जमिनीतल्या मित्र बुरशीसाठी असते, जी मुळांना स्फुरद मिळवून देते. जमीन भुकेली असली की झाड जास्त जोरात हाक मारतं. टारफुला ती हाक चोरून ऐकायला शिकलाय. हलक्या, खत कमी पडलेल्या जमिनीत टारफुला जास्त का माजतो, याचं एक कारण हे आहे.

२००८ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. या गटातली रसायनं झाडाच्या शरीरात संप्रेरक म्हणूनही काम करतात आणि फांद्या किती फुटाव्यात हे ठरवतात.

आता वऱ्हाडातली जुनी पद्धत आठवा. कपाशीच्या जागी पुढच्या वर्षी ज्वारी आणि ज्वारीच्या जागी कपाशी, असा फेरपालट इथे पिढ्यान् पिढ्या चालायचा. त्यामागे कारणं अनेक होती. पण कपाशीच्या वर्षी टारफुल्याचं थोडं बी फसून उगवायचं आणि मरून जायचं, हा फायदा त्यात फुकट मिळत होता.

अमेरिकेत काय झालं?

ओळख वेळेवर पटणं किती मोलाचं असतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. १९५६ मध्ये नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनात मक्याची शेतं कारण न कळता सुकत होती. तिथल्या लोकांनी हे झाड कधी पाहिलंच नव्हतं. या क्षेत्रात नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की तिथे शिकायला आलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याने ते पाहिलं आणि हे आमच्याकडचं स्ट्रायगा दिसतंय असं सांगितलं.

पुढे चार लाख एकरांहून जास्त क्षेत्रात त्याचा प्रादुर्भाव सापडला. सरकारने त्या भागातून माती, अवजारं आणि पिकं बाहेर नेण्यावर बंधनं घातली. जमिनीत इथिलीन वायू सोडून बियांना फसवून उगवायला लावलं, म्हणजे कपाशी करते तेच काम यंत्राने केलं. अनेक दशकं हे चालू राहिलं, तेव्हा कुठे तो भाग जवळजवळ मोकळा झाला.

आफ्रिकेत मात्र जांभळ्या फुलांची स्ट्रायगा हर्मोन्थिका आजही ज्वारी, मका आणि बाजरीची मोठी शत्रू आहे. तिला तोंड देणाऱ्या ज्वारीच्या जाती तयार केल्याबद्दल इथिओपियात जन्मलेले शास्त्रज्ञ गेबिसा इजेटा यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातली एक युक्ती साधी होती: जी ज्वारी कमी हाक मारते, ती निवडायची.

शेतात टारफुला कसा ओळखाल?

पीक: ज्वारीच्या धांड्याच्या अगदी जवळ उगवलेला असतो. मका, बाजरी आणि उसातही येतो.

वेळ: पेरणीनंतर साधारण महिना-दीड महिन्याने जमिनीवर दिसू लागतो.

उंची: साधारण वितभर, फार तर हातभर.

पानं: अरुंद, लांबट, हाताला खरखरीत लागणारी.

फूल: आपल्याकडे बहुतेक पांढरं, छोटं. बारीक नळी वरच्या बाजूला वाकलेली आणि टोकाला दोन ओठ. अमेरिकेत हेच फूल लाल असतं, त्यामुळे इंटरनेटवरचे लाल फोटो बघून आपलं हे नव्हे असं ठरवू नका.

ज्वारी: ओल असूनही दुपारी कोमेजते, पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते.

शेवटची खात्री मुळांवरून करा. झाड उपटू नका, कारण जोड नाजूक असतो आणि लगेच तुटतो. बाजूची माती खणून ढेकूळ पाण्यात भिजवा आणि हलक्या हाताने माती धुवा. टारफुल्याचं मूळ ज्वारीच्या मुळाला चिकटलेलं दिसलं की शंका उरत नाही.

ओळख पटवायला कुणाला फोटो पाठवायचा असेल तर एक फोटो पुरत नाही. पूर्ण झाड, पान, बाजूने घेतलेलं फूल, धुतलेली मुळं आणि शेजारी उभं असलेलं पीक, असे पाच फोटो काढा. गावाचं नाव आणि तारीखही लिहा.

सापडला तर काय करायचं?

फूल येण्याआधी किंवा निदान बी धरण्याआधी उपटून टाका. यंदाची ज्वारी त्याने पूर्ण सावरणार नाही, पण पुढच्या दहा वर्षांसाठीचं बी जमिनीत पडणार नाही.

उपटलेलं झाड बांधावर फेकू नका आणि फुलं-बोंडं आलेली असतील तर गुरांपुढे टाकू नका. त्याचं बी गुरांच्या पोटातून शाबूत बाहेर पडू शकतं आणि शेणखताबरोबर दुसऱ्या शेतात जातं. पिशवीत गोळा करून जाळलेलं चांगलं.

त्याच शेतात दरवर्षी ज्वारी घेऊ नका. मध्ये कपाशी किंवा सोयाबीन घ्या. जमिनीला शेणखत आणि नत्र पुरेसं द्या. प्रादुर्भाव असलेल्या शेतात वापरलेली अवजारं दुसरीकडे नेण्याआधी माती झटकून धुवा.

तणनाशकाबाबत मनाने निर्णय घेऊ नका. टारफुल्यासाठी वापरलं जाणारं टू-फोर-डी वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेलं तर कपाशीची पानं आखडून पीक हातचं जाऊ शकतं. आपल्या भागात ज्वारीशेजारी कपाशी असतेच. त्यामुळे आधी विचारा. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून याच भागासाठी काम करतंय, आणि प्रत्येक जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे झाड घेऊन जाता येतं.

हे आत्ताच का सांगायचं?

वऱ्हाडात खरिपाची ज्वारी खूप कमी झाली. तिची जागा सोयाबीनने घेतली. पण २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, ज्वारीच्या भाकरीची चर्चा पुन्हा सुरू झाली, आणि काही जण बऱ्याच वर्षांनी शेतात ज्वारी पेरतायत. मामा त्यांच्यातलेच. त्यांच्या शेतात टारफुला नव्याने आला की जुनं बी जागं झालं, हे आता सांगता येणार नाही.

त्या शनिवारी आम्ही दोघं ओळी-ओळीने फिरलो. दोन पोती टारफुला निघाला. मी फोनमध्ये मामांना आर्क्टिकचा तो लोकरी फोटो दाखवला आणि म्हटलं, हा याचाच चुलतभाऊ.

मामांनी फोटो मोठा करून पाहिला. मग विचारलं, "याचे मुळं दिसत नाहीत काय यात?"

दिसत नव्हती. मला मात्र एवढा लेख लिहिल्यावर कळलं की पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न हाच.